घरी कापलेलं पॅकिंग

आमच्या मोटारसायकलचं तेल गळतंय हे मला कळलं ते खालच्या बाईंकडून. त्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, तळमजल्यावर एकट्याच राहायच्या. आमची गाडी जिन्याखाली उभी असायची आणि तिथून त्यांचं दार दोन पावलांवर. एका दुपारी मी कॉलेजातून परत येत होते, तर बाई दारातच उभ्या. त्यांनी मला थांबवलं, पायातली पांढरी चप्पल काढली आणि उलटी करून दाखवली. तळाला काळं तेल लागलं होतं.

"तुमच्या गाडीनं माझ्या दारात सडा घातलाय," त्या म्हणाल्या. "रांगोळी आता मी काढू, की तीही तुम्हीच काढताय?"

मी माफी मागितली, वर जाऊन रॉकेलचा बोळा आणला आणि फरशी घासून पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पुन्हा रुपयाएवढा डाग होता.

तेव्हा आम्ही नारायण पेठेत एका तीन मजली इमारतीत राहत होतो. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा कारखान्यांमध्ये मशीन बसवून द्यायच्या कामावर होता आणि त्याला तीन महिन्यांसाठी बडोद्याला पाठवलं होतं. घरात मी आणि सासरे, दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासरे एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्रांचे नकाशे काढायचे. निवृत्तीनंतरही त्यांची नखं, कागद, टॉवेलाची घडी, सगळं काटकोनात. मी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रयोग घ्यायची.

आमचं भांडण कधी झालं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. "चहा ठेवू?" "ठेव." "भाजी कुठली करू?" "कुठलीही." दिवसभराचं बोलणं साधारण एवढ्यात आटपायचं. नवरा घरी असला की तो मध्ये बसून दोघांशी बोलायचा, त्यामुळे आम्ही एकमेकांशी बोलत नाही हे दीड वर्ष कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तो बडोद्याला गेला आणि घर एकदम शांत झालं. मी माहेरी पत्र लिहायची, त्यात सासरे बरे आहेत, एवढं एकच वाक्य त्यांच्याबद्दल असायचं.

मोटारसायकल मुळात सासऱ्यांची. चाळिशीत हौसेनं जुनी घेतलेली, चार स्ट्रोकची, जड, काळी. सासूबाईंना मागे बसवून ते तिच्यावरून कोल्हापूरपर्यंत जाऊन आले होते म्हणे. गुडघे दुखायला लागले तशी त्यांनी ती मुलाला दिली. जाताना नवऱ्यानं बजावलं होतं की आठवड्यातून दोनदा गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवायची. हे त्यानं वडिलांना सांगितलं, पण किक मारायला त्यांचा गुडघा तयार नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. माझं वजन पन्नास किलोही नव्हतं. किकवर अक्षरशः उभं राहावं लागायचं. तीन आठवड्यांत मला ते जमायला लागलं आणि नेमकी तेव्हाच ती गळायला लागली.

सासऱ्यांनी स्वारगेटच्या त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रीला निरोप धाडला. तो आला, इंजिनाच्या उजव्या बाजूच्या झाकणाखालून बोट फिरवलं, वास घेतला आणि सांगितलं की झाकणाचं पॅकिंग गेलंय. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये एक कागदासारखी पट्टी असते, ती जळून तुटली की तिथून तेल झिरपतं. ही पट्टी कंपनीची हवी, ती मद्रासहून येते, साहेब, महिना धरून चाला, असं म्हणून तो निघून गेला. तोवर खाली काहीतरी ठेवा, हा त्याचा सल्ला.

मी घरातलं एक टवके उडालेलं इनॅमलचं ताट इंजिनाखाली सरकवून ठेवलं. संध्याकाळी सासरे फिरून येत होते तेव्हा बाईंनी त्यांना गाठलं.

"ताट मांडलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "वाढायचं कधी ते कळवा, म्हणजे मी पाट घेऊन येते."

सासरे वर आले. चपला काढल्या, पाय धुतले, खुर्चीत बसले. मग मला त्यांच्याकडून बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य ऐकायला मिळालं.

"रविवारी तुला कॉलेज नसतं ना?"

नसतं, मी म्हटलं.

"मग पॅकिंग आपण घरीच करू. शेवटी तो कागदच. कागदाचं काम मी मद्रासहून कशाला मागवायचं?"

त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली. तिच्यात जाड ड्रॉइंगच्या कागदाची एक गुंडाळी होती, निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून भेट मिळालेली, आणि एक लाकडी पेटी. पेटीत निळ्या मखमलीवर कर्कटक, पट्ट्या, पेन्सिली. त्यांनी सगळं पुसून टेबलावर ओळीनं मांडलं. मग मला विचारलं की कागदाला दोन्ही बाजूंनी लावायला लाख लागेल, पूर्वी कारखान्यात वापरायचे, ती आता कुठे मिळेल आणि स्पिरिटमध्ये किती विरघळवायची. हा मात्र माझा प्रांत होता. मी बोहरी आळीत गेले, सुतार पॉलिशसाठी वापरतात ती चकत्यांची लाख आणली, रंगाच्या दुकानातून स्पिरिट घेतलं आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भिजत घातलं. पुढचे दोन दिवस सासरे येता-जाता बरणी हलवून बघायचे.

"किती घट्ट हवं?" ते विचारायचे.

"मधाइतकं," मी सांगायची.

घरात कुणीतरी माझं मत विचारतंय याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी उगाचच बरणीत काचेची कांडी घालून थेंब कसा पडतो ते दाखवायची.

रविवारी सकाळी जिन्याखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली. मी पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला होता. सासरे पाटावर बसले, मी खाली मांडी घालून. तुपाच्या रिकाम्या डब्यात तेल काढलं. झाकणाचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे होते, म्हणून त्यांनी मला एका पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढायला लावला आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवायला सांगितला. झाकण सुटलं तेव्हा जुनं पॅकिंग करपलेल्या पापडासारखं तुकड्या-तुकड्यांनी निघालं. दोन्ही कडांवर चिकटलेले अवशेष मी दाढीच्या पात्यानं खरवडले. त्यात तास गेला. बाई त्यांच्या दारात खुर्ची टाकून तांदूळ निवडत होत्या, पण त्यांच्या बाजूनं एक शब्द आला नाही, यावरून त्यांना आमचं काम किती रंजक वाटत होतं ते समजावं.

झाकण वर नेलं आणि सासऱ्यांनी ते कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली. मग आतली कड मापून काढली, स्क्रूंची भोकं आखली, कात्रीनं कापलं. कापून झालं तेव्हा ते पॅकिंग छापील वाटत होतं. आम्ही दोन्ही बाजूंना लाख लावली, झाकण बसवलं, स्क्रू आवळले, चार वाजता तेल भरलं. मी किक मारली. दोन मिनिटं गाडी चालली, थेंबही नाही. सासऱ्यांनी रात्रीच्या जेवणात दुसऱ्यांदा भात मागितला.

सोमवारी सकाळी ताटात तेलाचा पातळ गोल पडला होता. बाई दूध घ्यायला निघाल्या होत्या. ताट जरासं बाजूला सरकलं होतं, ते त्यांनी पायाच्या अंगठ्यानं परत जागेवर आणलं आणि निघून गेल्या.

लाख पातळ झाली असणार, मी सासऱ्यांना म्हटलं, चूक माझी. हो, तसंच असेल, ते म्हणाले. पण ते तीन दिवस पुन्हा "ठेव" आणि "कुठलीही"वर गेले. मला चुटपुट लागून राहिली. मी बरणीत आणखी लाख घातली आणि पुढच्या रविवारी पुन्हा झाकण उघडलं.

या वेळी सासऱ्यांनी नवीन कागद कापल्यावर मी तो हातात घेतला आणि झाकणाशी लावून खिडकीकडे धरला, एवढ्याचसाठी की लाख नीट सारखी लागावी. तेव्हा मला दिसलं. खालच्या बाजूला कागदाची कड दोन सूत आत गेली होती. मागच्या वेळीही ती अशीच गेली असणार आणि तेल तिथूनच आलं असणार. आणि झाकणात एक बारीक भोक होतं, स्क्रूचं नाही, तेल इंजिनाच्या वरच्या भागात नेणाऱ्या वाटेचं. कागदावरचं भोक त्याच्या शेजारी पडलं होतं. निम्मी वाट बंद झाली असती. तेल वर चढलं नसतं तर गाडी थोड्याच अंतरावर जाम होऊन बसली असती.

"बाबा, हे भोक बाजूला गेलंय," मी म्हटलं.

"नाही गेलेलं. मापलंय मी."

मी झाकण त्यांच्यासमोर ठेवलं. ते वाकले, अगदी नाक टेकेल इतके. मग डोकं एका बाजूला कललं, मग दुसऱ्या. मी त्यांचं बोट धरून आधी झाकणातल्या भोकावर ठेवलं आणि मग कागदाच्या भोकावर. बोटाला लगेच कळलं. ते हात मागे घेऊन खुर्चीत टेकून बसले.

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी थांबली, कुणीतरी कोथिंबिरीवरून घासाघीस केली, गाडी पुढे गेली.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "डाव्या डोळ्यानं सगळं धुरकट आहे. उजव्यानं रेष दिसते, पण एकीच्या दोन दिसतात. मी मधली धरतो."

वर्तमानपत्र ते चेहऱ्याला चिकटवून धरायचे, ते मी तऱ्हेवाईकपणा समजत होते. मी विचारलं, की डॉक्टरकडे का गेला नाहीत, आम्हाला का सांगितलं नाहीत.

"मोतीबिंदू आहे, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा. माझ्या वडिलांनाही होता. त्यांचं ऑपरेशन केलं, तेव्हाच्या पद्धतीनं. नंतर सात वर्षं जगले. मी घरी गेलो की माझा चेहरा हातानं चाचपून बघायचे."

समजूत घालणं मला कधीच धड जमलेलं नाही. समोर टेबलावर झाकण होतं, तेवढंच मला समजत होतं.

"आधी हे कापू या," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, मी कापते."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू रेष काढू नकोस. तुला काढता येणार नाही."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं आणि मला जरा बरं वाटलं. म्हणजे ते होते तसेच होते.

रेष न काढता कापायची एक पद्धत आहे, त्यांनी सांगितलं, पण ती मेस्त्री लोकांची. झाकण पालथं ठेवायचं, त्यावर कागद ताणून धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके द्यायचे. झाकणाची धारच खालून कागद कापत जाते, त्यामुळे चूक व्हायचं कारण नाही. ही पद्धत माहीत असताना पहिल्या दिवशीच का केली नाही, असं मी विचारलं नाही. चाळीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसानं कागद ठोकून कापायचा, हे त्यांना कमीपणाचं वाटलं असणार.

मी ठोकायला लागले. पहिल्याच ठोक्याला कागद फाटला.

"खिळा नाहीये तो," ते म्हणाले. "टिचकी मारल्यासारखं कर."

दुसरा कागद घेतला. ते डोळे मिटून ऐकत होते. ठोका बरोबर कडेवर पडला की आवाज कोरडा येतो आणि आत पडला की बद्द. "आत गेलीस," ते डोळे न उघडता सांगायचे. "आता ठीक. तशीच पुढे." भोकांसाठी त्यांनी सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे काढून दिले. छर्रा भोकावर ठेवून एक ठोका, की कागदाची बारीक टिकली खाली पडायची. तेलाच्या वाटेचं भोक मी शेवटी पाडलं आणि त्यांना बोटानं तपासायला दिलं. त्यांनी तीनदा बोट फिरवलं.

या कागदाला काही छापील रूप नव्हतं. कडेला थोडी लव सुटली होती. मी दोन्ही बाजूंना लाख लावली, बोटाला चिकटेल इतकी सुकू दिली आणि झाकण बसवलं. स्क्रू आवळताना त्यांनी एकामागोमाग एक आवळू दिले नाहीत. एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, मग डावा, मग उजवा, प्रत्येकाला थोडा-थोडा पीळ, तीन फेऱ्यांत. एक दिवस तसंच राहू दिलं, मग तेल भरलं. ताटाऐवजी मी खाली पांढरा कागद घातला.

मंगळवारी सकाळी कागद कोरडा होता. बुधवारी कोरडा. गुरुवारी मी खाली आले तर बाई चष्मा लावून वाकून कागद बघत होत्या. त्या सरळ झाल्या, चष्मा काढून पदराला पुसला.

"पहिल्या खेपेला नाही," त्या म्हणाल्या, "पण पास."

मी हे वर येऊन सांगितलं तेव्हा सासरे मोठ्यानं हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. उभ्या गाडीचं काही खरं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. तापून, हादरे खाऊन पॅकिंग टिकलं तर टिकलं. म्हणजे गाडी चालवून बघायला हवी, आणि आता चालवणार कोण? मला मोपेड यायची. मी म्हटलं, मी शिकते, पण मग पहिली लांबची फेरी एरंडवण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना किती दिसत होते कुणास ठाऊक.

"आधी गिअर टाकायला शीक," ते म्हणाले.

चार दिवस पहाटे आम्ही नदीकाठच्या रस्त्याला जायचो. ते काठी टेकून कडेला उभे राहायचे आणि इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, आता बदल, आता उशीर केलास, आता कशाला बदललास. गाडी माझ्या हातात दोनदा आडवी झाली. दोन्ही वेळा त्यांनी आधी इंजिनाचं विचारलं आणि मग माझं, असं मी नवऱ्याला नेहमी सांगते. सासरे म्हणतात, उलट होतं.

पाचव्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरून, लकडी पुलावरून आम्ही एरंडवण्यात गेलो. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला आमच्याकडे बघतच राहिला, मी पुढे आणि म्हातारे मागे. सासऱ्यांनी त्याला सिग्नल सुटल्याचं सांगितलं. दिवा त्यांना दिसत नव्हता, पण मागचे हॉर्न ऐकू येत होते. दवाखान्याच्या दारात उतरल्याबरोबर त्यांनी झाकणाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं होतं. मग त्यांनी ते बोट रुमालाला पुसलं आणि आत जाण्याआधी माझ्या कोपराला धरलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं, मोतीबिंदू पिकलाय म्हणाले, आणि पूर्वीची शस्त्रक्रिया आणि आताची यांतला फरक नीट समजावून सांगितला. सासऱ्यांनी त्यांना कागदावर डोळ्याची आकृती काढून दाखवायला सांगितली. डॉक्टरांनी काढली. सासरे ती नाकाशी धरून बघत बसले.

"प्रमाणात नाही," ते म्हणाले, "पण समजलं."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. नवरा चार दिवसांची रजा काढून आला. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, गळतीपासून. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते मी आणि त्याचे वडील इतकं बोललो याचं. गाडी मी चालवते यावर त्याचा विश्वास बसायला वेळ लागला, तो घरी परतताना मागे बसल्यावर बसला.

पट्टी सुटली, हिरवी झापड गेली, आणि दीडेक महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला. तोवर नवरा बडोद्याहून कायमचा परतला होता. चष्मा घालून सासरे घरात आले. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे, की आता काहीतरी म्हणतील. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ. मग मुलाकडे. मग हळूहळू मान वर करून भिंती, कोपरे, छत.

"एवढी जळमटं कधीपासून आहेत घरात?" ते म्हणाले.

मी नवऱ्याच्या हातात झाडू दिला. तो स्टुलावर चढला. सासऱ्यांना मान वर करून फार वेळ बघायची मनाई होती, त्यामुळे ते खुर्चीत बसून एक एक कोपरा सांगत होते आणि मी स्टूल धरून उभी होते. खिडकीवरचं एक त्याच्याकडून राहिलं. सासऱ्यांनी आणि मी ते एकदमच दाखवलं.